छप्पर बदलायला पैसे आहेत, जाळ्या साफ करायला नाहीत

नाशिकच्या एका निवृत्त अभियंत्यांनी मागच्या लेखावर सविस्तर प्रतिक्रिया दिली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांना (म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांना) मतदार कोट्यवधी डॉलर मंजूर करून देतात, तरी तुम्ही गळक्या छपरांचं रडगाणं गाता आणि वर नव्या इमारतींना विरोध करता. पैसा आहे, नियोजन नाही.

साहेब, नमस्कार.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. नवं बांधकाम नकोच, असा सूर माझ्या लेखात लागला होता आणि तो चुकीचा होता. १० मार्च १९३३ ला संध्याकाळी इथे कॅलिफोर्नियात, लाँग बीचला भूकंप झाला, तेव्हा शाळांच्या कितीतरी विटांच्या इमारती ढासळल्या. वर्ग सुटलेले होते म्हणून मुलं वाचली. महिन्याभरात फील्ड कायदा आला आणि इथल्या सार्वजनिक शाळांचे आराखडे राज्याकडून तपासून घेणं बंधनकारक झालं. भूकंपात टिकणार नाही अशी इमारत डागडुजी करत वापरत राहणं हा गुन्हाच आहे. ती मजबूत करा, नाहीतर पाडून नवी बांधा. यात आपलं दुमत नाही.

पण ‘पैसा आहे’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. २००० साली राज्यातल्या मतदारांनी प्रपोझिशन ३९ हा मतदानाला आलेला प्रस्ताव मंजूर केला. त्यानुसार शाळा-कॉलेजांच्या बाँडला, म्हणजे लोकांच्या मालमत्ताकरातून फेडायच्या कर्जाला, दोन तृतीयांशऐवजी ५५ टक्के मतं पुरतात. बदल्यात अटी आल्या : पैसा बांधकाम, नूतनीकरण आणि साधनसामग्रीवरच खर्च करायचा, दरवर्षी ऑडिट करायचं, नागरिकांची देखरेख समिती नेमायची. पगार आणि रोजचा चालू खर्च यातून करता येत नाही. क्युपर्टिनोत मराठी घरं पुष्कळ आहेत, म्हणून तिथलंच उदाहरण देते. मार्च २०२० मध्ये फूटहिल–डी अँझा या तिथल्या कॉलेज डिस्ट्रिक्टच्या मतदारांसमोर दोन प्रस्ताव होते. मेझर जी, म्हणजे ८९.८ कोटी डॉलरचा बाँड, मंजूर झाला. चालू खर्चासाठी दर मालमत्तेमागे वर्षाला ४८ डॉलर मागणारा मेझर एच पडला, कारण त्याला दोन तृतीयांश मतं लागत होती. मतदार तेच, दिवस तोच!

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, ते मी आमच्या कॉलेजात रोज बघते. आमच्या एका लॅबचं छप्पर सपाट आहे. इथे उन्हाळाभर पावसाचा थेंब पडत नाही, त्यामुळे पाईनची सुयांसारखी पानं गच्चीवर साचत राहतात आणि पाणी जायच्या जाळ्यांवर त्यांची गादी तयार होते. दोन माणसांचं एका सकाळचं काम आहे हे. पण एक जागा रिकामी होती आणि उरलेला माणूस तीन इमारतींचे एसीचे फिल्टर बदलत होता. पहिल्या पावसात गच्चीवर घोट्याएवढं पाणी साचलं, सांध्यातून आत उतरलं, आणि सोमवारी सकाळी छताची एक टाइल चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी लोंबत होती. तीन आठवडे वर्ग दुसरीकडे हलवावा लागला. पुढे बाँडच्या पैशातून अख्खं छप्पर बदललं. त्यासाठी पैसे होते, साहेब. जाळ्या साफ करणाऱ्या माणसाच्या पगारासाठी नव्हते.

दुसरी गोष्ट लहान आहे, पण मला ती जास्त लागली. नियमाप्रमाणे आतला दरवाजा ढकलायला पाच पौंडांपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. लायब्ररीजवळच्या स्वच्छतागृहाच्या दाराला मी जोर मोजायचा काटा लावून पाहिला, तर अकरा पौंड भरले. दार आपोआप लोटणाऱ्या वरच्या यंत्राचा एक स्क्रू फिरवायचा होता, पाच मिनिटांचं काम. व्हीलचेअरवरून येणारी एक विद्यार्थिनी अख्खं सत्र त्या दाराबाहेर कुणी येईपर्यंत थांबायची. तिने तक्रार केली नव्हती. दार असंच असतं, असं तिला वाटलं होतं.

तेव्हा माझी मागणी एवढीच आहे की नव्या इमारतीच्या मंजुरीच्या कागदावरच तिचा पुढचा सगळा खर्च लिहिलेला असावा : वीज, फिल्टर, सफाई, किती माणसं, कुठल्या खात्यातून. एसीसीजेसी या इथल्या मान्यता देणाऱ्या मंडळाच्या २०१४ च्या निकषांत दीर्घकालीन बांधकाम आराखड्यात मालकीचा एकूण खर्च, म्हणजे बांधण्यापासून पुढे सांभाळण्यापर्यंतचा सगळा खर्च धरा, असं स्पष्ट म्हटलं होतं. कागदावर तो धरलाही जातो. बजेटच्या बैठकीत मात्र पहिली कात्री देखभालीलाच लागते, कारण जाळी तुंबली तर ती त्या वर्षी कुणाला दिसत नाही.

कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती यायच्या आधी आठ दिवस भिंतींना रंग लागतो, असं तुम्हीच लिहिलं आहे. तुम्ही पस्तीस वर्षं सरकारी इमारती सांभाळल्या आहेत, म्हणून विचारते : तुमच्याकडच्या कॉलेजांत मे महिन्यात गच्चीवरची पन्हाळी कोण साफ करतं, आणि त्याचे पैसे कुठल्या हेडखाली पडतात? सविस्तर लिहा, मला खरंच हवं आहे.