भंगाराचा भाव आपल्या हातात नाही, टेंडर मात्र आहे

एखाद्या नगरपरिषदेच्या बजेटची बातमी आली की मी आधी जमेची बाजू बघतो. तिथे बहुतेक वेळा एक ओळ सापडते: सुका कचरा विक्रीतून अपेक्षित उत्पन्न इतके इतके लाख. ती ओळ लिहिणाऱ्याला दंडवत घालावासा वाटतो. आमचा रद्दी-पुठ्ठ्याचा ठोक धंदा वडिलांपासून चालत आलाय, आणि पुढच्या दिवाळीला पुठ्ठा काय भावाने जाईल हे सांगायची हिंमत आमच्या गोडाऊनमध्ये अजून कुणाला झालेली नाही.

पालिकांच्या भिंतींवर रंगवलेलं 'कचऱ्यातून कमाई' पुसून टाकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. रिसायकलिंग बंद करा असं म्हणत नाहीये, ते टिकावं म्हणूनच म्हणतोय. ज्या कामाचं गणित भंगाराच्या भावावर बसवलंय, ते काम भाव पडला की बसतं. आणि भाव पडतोच.

कसा पडतो ते बघा. 1 जानेवारी 2018 पासून चीनने 24 प्रकारचा परदेशी कचरा घ्यायचं बंद केलं, आणि जो घ्यायचा त्यात भेसळ अर्ध्या टक्क्याच्या वर चालणार नाही म्हणून सांगितलं. वरवर बघता यात आपला काय संबंध? पण अमेरिकेत अडकलेली रद्दी स्वस्तात भारतातल्या कागद मिलांकडे वळली आणि आपल्याकडच्या पुठ्ठ्याचा उठाव गेला. तिकडे फिलाडेल्फियासारख्या शहराचे इतके हाल झाले की 2019 च्या सुरुवातीला नागरिकांनी वेगळा करून दिलेला निम्मा माल सरळ भट्टीत जात होता. पुढे 2020. एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या कच्च्या तेलाच्या सौद्यांचा भाव एक दिवस शून्याच्याही खाली गेला. तेल स्वस्त म्हणजे नवं प्लास्टिक स्वस्त, मग जुनी बाटली कोण विचारतो? वर्षभरात काटा उलटा फिरला. कंटेनर मिळेनात, जहाजभाडं भडकलं, आयात रद्दी परवडेना, आणि इकडे ऑनलाइन खरेदीमुळे खोक्यांची मागणी वाढलेली. 2021 मध्ये पुठ्ठ्याला आलेला भाव आम्ही जन्मात बघितला नव्हता. तोही टिकला नाही.

आणि फक्त भावच नाचतो असंही नाही. प्लास्टिक भंगारावर जुलै 2017 मध्ये 18 टक्के जीएसटी आला, नोव्हेंबरमध्ये 5 झाला, ऑक्टोबर 2021 मध्ये परत 18. नोंदणी नसलेल्या गल्लीतल्या कबाड्याने यातून काय अर्थ काढायचा होता, देव जाणे.

आता असल्या बाजारात पालिका टेंडर कसं काढते? सुका कचरा वेगळा करून विका, आणि जो पालिकेला जास्तीत जास्त रॉयल्टी देईल त्याला काम. म्हणजे भाव चढलेले असताना जो सगळ्यात जास्त हुरळलेला, तो जिंकणार. आमच्याच धंद्यातल्या एकाने 2021 च्या तेजीत एका नगरपरिषदेचं असं काम घेतलं. वर्षभर झकास चाललं. भाव उतरल्यावर त्याने आधी फक्त पुठ्ठा, पेट बाटल्या (पाण्याच्या, थंड पेयांच्या) आणि जर्मन (म्हणजे अ‍ॅल्युमिनियम) उचलायला सुरुवात केली. बाकीचं घंटागाडीतून थेट कचरा डेपोवर. मग उचल दिवसाआड झाली, मग फोन लागेना. पालिकेने अनामत जप्त केली आणि फाइल बंद केली. पण घरोघरी दोन डबे ठेवायची सवय लागलेल्या बायकांनी 'शेवटी गाडीत एकत्रच करतात' हे डोळ्यांनी बघितलं, त्याची भरपाई कुठल्या अनामतीतून करणार? सवय लावायला वर्षं जातात, मोडायला एक महिना पुरतो. मी त्या ठेकेदाराला दोष देत नाही. तोट्यात माल उचलायचा करार त्याच्याकडून लिहून घेणारेही तितकेच जबाबदार.

जरा हिशोब मांडू. आकडे समजुतीसाठी घेतोय, कुठल्या एका गावाचे नाहीत. समजा 50 हजार वस्तीचं गाव, रोजचा 15 टन कचरा, त्यातला विकता येईल असा सुका माल दीड टन. सरासरी किलोला 10 रुपये मिळाले तर वर्षाच्या 300 दिवसांत 45 लाख. भाव 6 वर आला तर 27 लाख. मधल्या 18 लाखांच्या फरकाने बजेटमध्ये बोंब होते. पण तोच दीड टन डेपोवर गेला असता तर वाहतूक आणि प्रक्रिया मिळून टनाला समजा 1500 रुपये लागले असते. ते वर्षाला पावणेसात लाख वाचतात, आणि ही बचत बाजार चढो वा पडो, तेवढीच राहते. शिवाय डेपोचं आयुष्य वाढतं ते वेगळंच. बजेटात ही ओळ कधी बघितलीय कुणी? मी तरी नाही. बेभरवशाचे 45 लाख जमेला लिहितात आणि खात्रीचे पावणेसात लाख कुठेच लिहीत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: गोळा करणं आणि वर्गीकरण ही सेवा आहे, तिचे पैसे टनावर ठरवून द्या. माल विकून येणारे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि भावाची जोखीम करारातच वाटून घ्या. पुठ्ठा, पेट, कडक प्लास्टिक, पत्रा, काच यांचा त्या गावाच्या कचऱ्यात जसा वाटा असेल त्या प्रमाणात एक सरासरी आधारभाव धरा. बाजार त्याच्यावर गेला तर जास्तीच्या पैशातला मोठा हिस्सा पालिकेचा. खाली गेला तर घटीतला काही भाग पालिकेने सोसायचा, ठेकेदाराने काही. तेजीत आलेले जास्तीचे पैसे पेव्हर ब्लॉकवर उडवायचे नाहीत, मंदीसाठी राखून ठेवायचे. दर तीन महिन्यांनी भाव तपासायचा, आणि तो ठेकेदाराच्या बिलावरून नाही, तर दोन-तीन मिलांचे खरेदीदर मागवून. नाहीतर बिलावर एक भाव आणि हातात दुसरा, हे आमच्या धंद्यात काय चालतं ते मला विचारू नका.

मुदतीचंही तसंच. वर्षभराच्या ठेक्यावर कोण शहाणा बेलिंग मशीन (दाबून गठ्ठे बांधायचं) विकत घेईल? तीन ते पाच वर्षांचं काम द्या, मधे भाव फिरवायची सोय ठेवा, मग बघा रॉयल्टी मागायच्या आधीच खर्च किती खाली येतो.

खर्चाची दुसरी गोष्ट मालाच्या दर्जाची, आणि इथे मी थोडा रेंगाळणार, कारण हे गोडाऊनबाहेरच्या लोकांना दिसत नाही. मिलच्या गेटवर गाडी काट्यावर चढली की एक माणूस हातात ओल मोजायचं मीटर घेऊन येतो. चार-पाच गठ्ठ्यांत त्याची सळई खुपसतो. आकडा ठरलेल्या टक्क्याच्या वर गेला की तेवढं वजन कापलं. मग एखादा गठ्ठा फोडतो. आत दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, आमटी लागलेलं खोकं निघालं की आणखी कापलं, नाहीतर गाडी परत. परतीचं भाडं आपलं. जून ते सप्टेंबर हा खेळ रोज. आता पालिकेचा उघड्या शेडमधला, ओल्या कचऱ्यासोबत दोन तास एकाच गाडीत फिरलेला पुठ्ठा त्या मीटरपुढे काय टिकणार? बाजार तेजीत असला की मिलवाला डोळेझाक करतो. मंदीत पहिला घाव घाणेरड्या मालावर पडतो. स्वच्छ, कोरडा माल पडत्या भावातही कुणीतरी उचलतंच. बजेटात मोठमोठी मशीनं धरण्यापेक्षा चारी बाजूंनी बंद शेड आणि घंटागाडीत मधे एक पक्की फळी, यातून पैसा लवकर वसूल होतो.

पणजी महापालिका सुक्या मालाचं 16 प्रकारांत वर्गीकरण करते. वेंगुर्ल्याने तर जुन्या कचरा डेपोच्या जागी लोक मुद्दाम बघायला येतील असं ठिकाण उभं केलं. लोक म्हणतात, छोटं गाव आहे, जमतं. मला उलट वाटतं. छोट्या गावाला हे जास्त अवघड असतं, कारण त्याच्याकडे माल कमी आणि मिल लांब. अर्धी भरलेली गाडी कोल्हापूरला नेली तरी भाडं पूर्णच. वेंगुर्ला, सावंतवाडी, मालवण, कणकवली यांनी आपापला पुठ्ठा वेगवेगळा विकायचा आणि चौघांनी चार अर्ध्या गाड्यांचं भाडं भरायचं, यात कसली आलीय काटकसर? एकत्र गठ्ठे, एकत्र गाडी, एकत्र बोली. चार मुख्याधिकाऱ्यांनी एकदा बसून चहा प्यायला तरी हे होईल.

माल दाबून ठेवा आणि भाव आला की विका, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. पेट आणि धातूच्या बाबतीत थोडंफार चालतं. पुठ्ठा मात्र ठेवला की ओल धरतो, उंदीर लागतात. आणि प्लास्टिकचे ढीग साठवणं म्हणजे आगीला आवतण. पावसात पंधरा दिवस थांबता येईल इतकी जागा हवी. सट्टा खेळायला पालिकेने गोडाऊन बांधू नये.

सगळ्यात चिवट माल म्हणजे चिप्सची, शाम्पूची पाकिटं. त्यांना तेजीतही गिऱ्हाईक नाही. गोव्यातून असल्या मालाचे गठ्ठे कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे जातात. याचा खर्च पाकिटं बनवणाऱ्यांनी उचलायचा, हे फेब्रुवारी 2022 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहेच. कंपन्या त्यासाठी 'इतक्या प्लास्टिकची विल्हेवाट लावली' अशी सर्टिफिकेटं विकत घेतात. पण सर्टिफिकेट तयार होतं ते प्रक्रिया करणाऱ्याच्या नावावर. घरोघर फिरून ते पाकीट गोळा करणाऱ्या पालिकेच्या हाती काही लागत नाही, जोवर ठेकेदाराच्या करारात 'या मालाच्या सर्टिफिकेटच्या पैशातला इतका वाटा पालिकेचा' असं लिहिलेलं नसतं. ही ओळ मी आजवर एकाही टेंडरमध्ये वाचलेली नाही. बरं, हा बाजारही काही सोवळा नाही. खोटी सर्टिफिकेटं विकल्याचं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासात निघालंच. त्यामुळे तिथूनही घबाड मिळेल असं धरून चालू नका, जो मिळेल तो पैसा जमेची शेवटची ओळ.

आणि आता पुणे. 1993 मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, आणि त्यातून पुढे 'स्वच्छ' संस्था. तिथल्या ताई दारोदार कचरा घेतात, घराघरातून महिन्याची ठराविक फी मिळते, आणि निवडलेलं भंगार विकून आलेले पैसे त्यांचे. मी वर जे ठेकेदारासाठी मागतोय, ठराविक पैसे एकीकडे आणि भावाचे पैसे दुसरीकडे, तेच या बायकांकडे कधीपासून आहे. पालिकेला याहून स्वस्त वर्गीकरण कुठलं मशीन देणार नाही, कारण इथे पुठ्ठा ओल्यात मिसळायच्या आधीच वेगळा होतो.

पण जोखीम बघा कुणाच्या डोक्यावर आहे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये भंगाराची दुकानं बंद होती आणि कचरा मात्र रोज उचलला जात होता. म्हणजे विक्रीचा पैसा शून्य, काम पूर्ण. आणि एरवीही मंदी आली की शहराच्या स्वच्छतेचा तोटा शहरातल्या सगळ्यात कमी कमावणाऱ्या बाईच्या पदरात पडतो, आणि आम्ही महिन्याची एवढीशी फी द्यायला सोसायटीच्या मीटिंगमध्ये अर्धा तास भांडतो. 'भंगार विकून मिळवतातच की त्या' असं म्हणणाऱ्यांनी एकदा पडत्या भावात माझ्या गोडाऊनवर यावं. ताईंच्या गाठोड्यातला माल तोच असतो, वजन तेच असतं, पैसे तेवढे कमी झालेले असतात. आणि ते माझ्याच हातून दिले जातात, तेव्हा मी काही साव नाही. मिल मला कमी देते, मी त्यांना कमी देतो, त्यांच्या खाली ढकलायला कुणी उरत नाही.

म्हणून ठेकेदारासाठी भावाच्या घटीत पालिकेने वाटा उचलावा असं जे म्हटलं, ते कचरावेचकांसाठी आधी व्हायला हवं. आधारभावाखाली बाजार गेला की फरकाची काही रक्कम पालिकेने त्यांच्या खात्यात टाकावी, तेजीत राखलेल्या निधीतून. 'एवढा पैसा आणायचा कुठून' असं स्थायी समितीत कुणी विचारलंच, तर डेपोवर न गेलेल्या दीड टनाचा हिशोब त्याच्यापुढे ठेवा.

तुमच्या गावचं सुक्या कचऱ्याचं टेंडर कुणाकडे असेल तर कॉमेंटमध्ये टाका. माहिती अधिकारात मागितलं तरी मिळतं. भाव पडला तर काय करायचं, याबद्दल त्यात एक तरी कलम आहे का, एवढंच मला बघायचंय.