फीडबॅकने काम ‘हमखास’ सुधारतं? अर्धंच खरं

‘प्रशिक्षणानंतर गुण आणि फीडबॅक दिला की कामगिरी सुधारतेच, संशोधनाने सिद्ध झालंय’ असा दावा सध्या फिरतोय. तो अर्धाच खरा आहे.

अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे आधीचे प्रयोग एकत्र करून तपासले. सहाशेहून अधिक निष्कर्ष. सरासरीने कामगिरी सुधारली, हे बरोबर. पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी ती चक्क घसरली! दावा पुढे पाठवणारे नेमकं हेच गाळतात.

घसरते का? त्यांच्या मते, लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की फीडबॅकचा परिणाम ओसरतो. ‘१०० पैकी ६२, गटात १९वा’ एवढंच कळलं की माणूस स्वतःची लायकी मोजत बसतो. उलट, फोनवर तक्रारी घेणाऱ्याला ‘तक्रार नीट नोंदवलीत, पण बिलाची तारीख विचारायची राहिली’ असं सांगितलं तर पुढच्या फोनला काय करायचं ते कळतं. नुसत्या कौतुकाचाही फायदा होतोच असं नाही (हे साहेबलोकांना पटणं कठीण).

म्हणून गुण बंद करा, असं त्या अभ्यासात कुठेही म्हटलेलं नाही. भरती-बढतीला आकडा लागतोच.