पुतण्याच्या कमरेचा पट्टा आणि ‘मणक्यातला गॅप’

गेल्या आठवड्यात नाशिकरोडला थोरल्या भावाकडे गेलो, तेव्हा दहावीतला पुतण्या कमरेला पट्टा बांधून भर दुपारी पलंगावर पडलेला होता. आठ-दहा दिवस संध्याकाळी त्याची पाठ भरून येत होती, एवढेच निमित्त. वहिनींनी डॉक्टरांना न विचारता, मोबाइलवर आलेल्या एका निनावी संदेशावरून, त्याचे पोहणे आणि रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढणे बंद केले होते. दप्तराच्या ओझ्याने मुलांच्या ‘मणक्यात गॅप पडतो’, मोबाइल पाहताना मानेवर २७ किलो भार येऊन मणका कायमचा वाकतो, आणि खेळ थांबवून, पट्टा बांधून महिनाभर पडून राहणे हाच उपाय, असे तो संदेश सांगतो. हाच संदेश मलाही तीन ठिकाणांहून आल्यामुळे आता गप्प राहणे शक्य नाही.

दप्तराविषयी २०१८ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये ६९ अभ्यासांचा, म्हणजे ७२ हजारांहून अधिक मुलांच्या माहितीचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. दप्तराचे वजन, त्याची घडण किंवा ते पाठीवर घेण्याची पद्धत यांमुळे पाठदुखीचा धोका वाढतो, याचा खात्रीलायक पुरावा त्यात मिळाला नाही. दप्तर शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावे, हे केंद्र सरकारचे २०२० चे धोरण मला मान्य आहे, कारण जड ओझे वाहणे त्रासाचेच असते; परंतु त्रास होणे आणि मणका बिघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२७ किलोचा आकडा २०१४ मधील एका संगणकीय प्रतिमानातून (कॉम्प्युटर मॉडेलमधून) आलेला आहे. तो कोणाच्या मानेवर मोजलेला नाही, आणि मणका कायमचा वाकतो हे त्यातून सिद्धही होत नाही.

‘गॅप’ हा शब्द तर आपल्याकडे इतका रुळला आहे की, पाठ धरली की घरातले कोणीतरी तो उच्चारतेच. वास्तविक, मणक्यांमधल्या चकतीची (डिस्कची) झीज झाली तर दोन मणक्यांमधील अंतर कमी होते, वाढत नाही. म्हणजे शब्दच उलटा आहे.

सर्वांत घातक आहे तो उपाय. साध्या पाठदुखीत अंथरुणाला खिळून राहिल्याने स्नायूंची ताकद घटते, हालचालीची भीती बसते आणि दुखणे लांबते. पट्ट्याबाबत सांगायचे, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत दीर्घकालीन कंबरदुखीसाठी तो नेहमीचा उपाय म्हणून वापरू नये, असे म्हटले आहे. ती मार्गदर्शिका प्रौढांसाठी आहे, हे खरे. पण प्रौढांनाही ज्याची शिफारस होत नाही, ते वाढत्या वयाच्या मुलाच्या कमरेला आवळण्याचे कारण मला कळत नाही. हीच संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी एक तास मध्यम ते दमदार हालचाल करायला सांगते. कॉलेज रोडवरच्या क्लासमध्ये तीन तास बसणाऱ्या मुलाचा हा एक तास आपणच काढून घेतला.

अर्धसत्य म्हणाल, तर एक आहे. वेगवान गोलंदाजी किंवा जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलांमध्ये पाठ वारंवार मागे वाकल्याने मणक्याच्या मागच्या भागात ताणाची भेग पडू शकते, आणि तेव्हा खेळ खरोखर थांबवावा लागतो; पण ते तपासणीनंतर डॉक्टरांनी ठरवायचे असते. अपुरी झोप, धूम्रपान आणि मनावरचा ताण यांचा पाठदुखीशी संबंध अनेक अभ्यासांत दिसतो, त्याचा मात्र संदेशात पत्ता नाही. पुतण्या रात्री दीड वाजता झोपतो, हे मी विचारल्यावर त्याने सांगितले.

झोपेतून उठवणारी वेदना, ताप, वजन घटणे, पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरचे नियंत्रण सुटणे, किंवा काही आठवडे न थांबणारे दुखणे असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवे, कारण आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग तरुण वयातही आढळतो. नियंत्रण सुटले किंवा पायांतली ताकद गेली, तर त्याच दिवशी. अशा मुलाला पट्टा बांधून महिनाभर घरात ठेवले, तर तेवढा महिना आजाराला मिळतो.