गोदामाला सॉफ्टवेअर घेताय? मग गोदामात जाऊ नका

मालक, काजू फॅक्टरीच्या गोदामाला सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलंय ना, मग पहिली गोष्ट, गोदामात पाऊल टाकू नका. तिथे घाम येतो, गोणपाटाची कुसळं टोचतात, शिवाय तिथे गोदाम सांभाळणारे आबा असतात आणि त्यांनी एक साधा प्रश्न विचारला की तुमचा सगळा प्लॅन आडवा. त्यापेक्षा कुडाळच्या ऑफिसात एसी लावून डेमो बघा. डेमोतलं गोदाम चकाचक असतं, रॅकला नंबर, माल म्हणजे शाम्पूचे बॉक्स, सगळे एका मापाचे. तुमच्याकडे कौलारू पडवी, गोण्यांची थप्पी आणि कोपऱ्यात वहिनींची आमसुलं. पण हे सेल्सवाल्याला सांगू नका, बिचाऱ्याचा मूड जातो.

मुहूर्त एप्रिलचा धरा. मार्चपासून बी यायला लागते, एप्रिलात गेटवर टेम्पोंची रांग, अशा वेळी सिस्टीम चालू केली की मजा वेगळीच. पावसात सगळे मोकळे बसलेले असतात, पण तेव्हा केलंत तर लोक नीट शिकतील की हो!

आता आयटम मास्टर. म्हणजे कुठला माल, कुठल्या नावाने, कुठल्या युनिटमध्ये. सगळा डोलारा ह्याच्यावरच उभा असतो, म्हणून हे काम सुट्टीला आलेल्या भाच्याला द्या. तो मोबाईल बघत बघत दोन दिवसांत उरकतो. एकाच ग्रेडचे 'डब्ल्यू ३२०', 'डब्ल्यू-३२०' आणि '३२० नंबर' असे तीन आयटम होतात, एकात ४० डबे शिल्लक, एकात शून्य, एकात उणे २५, म्हणजे हिशोब कुठेतरी बरोबर असणारच. ३२० म्हणजे पौंडात ३०० ते ३२० गर बसतात, हे भाच्याला कोणी सांगितलेलं नसतं. त्याला वाटतं डब्यात ३२० नग. आता १० किलोच्या डब्यात साडेसहा-सात हजार गर निघतील, पण मोजायला बसतंय कोण, सेव्ह करा.

मग घट. ओली बी ८० किलो भरली आणि खळ्यात वाळवली की ती ८० राहत नाही, हे कोकणात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. घट टाकायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, विचारलं तर सेल्सवाला दाखवतो, म्हणून विचारू नका. महिनाअखेरीला रिपोर्ट सांगतो अमुक किलो माल गायब. लगेच गड्यांना ओळीत उभं करा, झडती घ्या, सीसीटीव्ही बघा. कॅमेऱ्यात फक्त ऊन दिसेल. ते कुठल्या शिफ्टला होतं तेवढं बघून ठेवा.

बारकोडची लेबलं अगदी स्वस्तातली घ्या, रिबनशिवाय नुसत्या उष्णतेने छापली जातात ती. उन्हात ठेवली की काळी-फिकी होतात आणि गोणपाटावर तर ती चिकटतच नाहीत, सकाळी बघावं तर खाली पाचोळा. शिलाईत अडकवायचे टॅग मिळतात, पण त्याला दोन पैसे जास्त पडतात. स्कॅनरला पडवीच्या मागे नेट नाही, म्हणून गडी प्रत्येक गोणीमागे विहिरीपर्यंत जाऊन येतो. व्यायाम होतो.

राहिले आबा. तीस वर्षं त्यांचा हिशोब भिंतीवर कोळशाच्या रेघांत आणि सुतळीच्या गाठीत. एक गाठ म्हणजे होळीच्या आसपासची बी, दोन म्हणजे नंतरची, एक गाठीची आधी फोडायला काढायची. सॉफ्टवेअरवाले ह्यालाच फिफो म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात. तर आबांना काही विचारायचं नाही, शाल-श्रीफळ द्यायचं आणि घरी पाठवायचं. उद्घाटनाला पाहुणे येणार म्हणून त्या भिंतीला चुना काढून घ्या. जुनी वही माळ्यावर. नारळ फोडा, देवाला गाऱ्हाणं घाला, सगळे मिळून व्हय महाराजा म्हणा, बॅकअपचं नंतर बघू.

मग एक दिवस बँकेचा माणूस येतो, कारण तुमची सीसी लिमिट, म्हणजे मालाच्या तारणावर बँक देते ती उचल, स्टॉक स्टेटमेंटवर चालते. तो स्क्रीन बघतो. बी, उणे १४ गोणी. 'साहेब, ह्या उणे चौदा गोणी जरा प्रत्यक्ष दाखवता का?' भाचा तोवर मुंबईला कॉलेजात, सेल्सवाला मीटिंगमध्ये. तुम्ही पांढऱ्या भिंतीकडे बघता आणि मुकाट आबांना फोन लावता. तिकडून पाटावर आमटी ओरपल्याचा आवाज.

'माका कित्याक इचारतास मालकानू, त्या स्कॅनराक इचारा.'