गाडी सकाळी येतली

गेल्या ऑगस्टातली गोष्ट. दिवेलागण झालेली, धो धो पाऊस, आणि बाबा आंबे काढायचा झेला घेऊन पडवीच्या पायऱ्या उतरत होते. कलमांवर एक फळ नाही, पण त्यांच्या डोक्यात वाशीची गाडी दारात लागलेली. "गाडी इली काय रे?" मी ओरडलो, "बाबा, पावसात कसले आंबे!" त्यांनी माझ्यावर झेला उगारला. त्या रात्री दोघंही जेवलो नाही.

आठ महिने आमचं हेच चाललं होतं.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासलं. त्यातल्या बिघाडानेही माणूस विसरतो, आणि ते औषधाने सुधारू शकतं. आमचं नशीब तेवढं नव्हतं. अल्झायमर निघाला, म्हणजे डिमेन्शियाचाच, स्मृती हरवत जाण्याच्या आजाराचा, एक प्रकार. गोळ्या दिल्या, पण संध्याकाळी सहानंतर काय करायचं ते चिठ्ठीवर कोण लिहून देणार?

सल्ले मात्र उदंड. मुंबईची मंडळी गणपतीला पाच दिवस येतात, आणि त्या पाच दिवसांत बाबा इतके ठाकठीक वागतात की विचारू नका. आरती तोंडपाठ. "आम्हाला तर बरे वाटले, तूच हल्ली चिडचिड करतोस." गाडीत बसताना हे ऐकवून जातात. वाडीतले म्हणाले, देवाला गाऱ्हाणं घाल. घातलं. मानसोपचाराचं नाव काढलं की लगेच "रत्नागिरीक धाडतंस काय?" आणि हशा.

शेवटी बहिणीने डिमेन्शियाचं माणूस सांभाळणाऱ्यांच्या एका मुंबईच्या गटात घातलं. मोबाइलवर भेटायचं. डोंबिवलीच्या एक ताई होत्या, त्यांचा नवरा मध्यरात्री बूट घालून ऑफिसला निघतो. त्या म्हणाल्या, "खरं-खोटं करत बसू नका हो. गाडी उद्या येणार म्हणा, आणि हाताला काम द्या." दुसऱ्या दिवशी म्हटलं, "गाडी सकाळी येतली, बाबा." पुढ्यात टोपलीभर सुपारी ओतली. लहान वेगळी, मोठी वेगळी, किडकी तिसरीकडे. दीड तास मान वर केली नाही. एक सुपारी तर उजेडाकडे धरून, फिरवून फिरवून पाहिली, आंब्याचा डाग बघायचे तशीच.

त्याच गटात एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, "कधी कधी वाटतं, सुटावेत एकदाचे." वाटलं, आता शिव्या बसणार. स्क्रीनवरच्या चार माना नुसत्या हलल्या. गाऱ्हाण्यात "व्हय म्हाराजा" म्हणतात ना, अगदी तसं.

म्हणून म्हणतो, असा गट आपल्या तालुक्यात हवा. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे, म्हणजे आपल्या वाड्यांतही तो असणारच, माजघरात लपवलेला. १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत नंबरावर रात्री-अपरात्री बोलता येतं, जरूर बोला. पण मोबाइलवरचा गट भरतो संध्याकाळी सातला, नेमका आमच्या धिंगाण्याच्या वेळी. शिवाय पाऊस पडला की रेंज गुल.

गट भरवायचा तर दुपारी तीनला, अंधाराच्या आत घरी पोचता आलं पाहिजे. देवळात नको, तिथे अख्खं गाव कान लावून. आणि कृपा करून दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचं भाषण काही नको. खरी अडचण वेगळीच आहे: सांभाळणारा बाहेर पडला तर घरच्या माणसापाशी बसणार कोण? गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक ओझं टाकू नये असं मला वाटतं. दोन घरांनी आलटून-पालटून बसावं, नाहीतर माणसाला सोबतच आणावं.

वाचनालयाची खोली मिळतेय. दोन घरं तयार आहेत, त्यातल्या एका काकींनी "नाव कोणाला सांगू नकोस हां" असं दोनदा बजावलंय. महिन्याच्या पहिल्या रविवारी बसू. ज्यांना यायचंय त्यांनी इथे काही लिहू नका, मला थेट मेसेज करा.

मी बाबांना घेऊन येणार आहे. पेट्यांचा हिशोब करायला जातोय, असं त्यांना सांगितलंय. सकाळपासून दोनदा वही मागून झाली.