आवाज मोठा म्हणजे संस्कार छोटे?

गेले दोन महिने एक फॉरवर्ड फिरतोय. ‘मोठ्याने बोलणे ही संस्कारांची उणीव’ असं शीर्षक आणि शेवटी हात जोडल्याची तीन चित्रं. म्हणणं थोडक्यात असं: कोल्हापूर-सांगलीकडची, मालवणकडची माणसं मोठ्याने बोलतात कारण ते त्यांच्या रक्तातच असतं; मोठा आवाज म्हणजे राग; सुशिक्षित माणूस हळू बोलतो; आणि जपान बघा, ट्रेनमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येते, म्हणून तो देश पुढे गेला. आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर हे आलं मंगळवारी सकाळी. आदल्या संध्याकाळी माझे वडील बाल्कनीत उभे राहून इचलकरंजीला फोनवर बोलले होते. योगायोग असेलही.

आधी रक्ताचं बघू. अण्णांनी पस्तीस वर्षं यंत्रमागावर काढली. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला 1904 साली. आज तिथल्या कित्येक गल्ल्यांत तो खडखडाट दिवसरात्र चालू असतो. लहानपणी मी डबा घेऊन जायचो. पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंना माग, धोटा इकडून तिकडे आपटतोय, आणि ‘अण्णा, डबा’ म्हटलेलं माझं मलाच ऐकू यायचं नाही. कामाचं काही सांगायचं तर कानाला तोंड लावून ओरडायचं. बाकी सगळं हातवाऱ्यांवर. चिमूट ओढून दाखवली की धागा तुटला, अंगठा ओठाकडे नेला की चहा.

गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच कानाच्या डॉक्टरने 1911 मध्ये मांडलं. रुग्णाला वाचायला सांगायचं आणि मध्येच त्याच्या कानात गोंगाट सोडायचा. वाचणाऱ्याचा आवाज वाढतो, गोंगाट थांबवला की खाली येतो, आणि त्याला स्वतःला पत्ताही नसतो. पुढे 2004 मध्ये बर्लिनमधल्या नाइटिंगेल पक्ष्यांच्या गाण्याची मापं प्रसिद्ध झाली. रहदारीच्या ठिकाणचे पक्षी जास्त जोरात गात होते, आणि कामाच्या दिवशी सकाळी सुट्टीच्या दिवसापेक्षाही जोरात. त्या पक्ष्यांवर कोणी काय संस्कार केले होते ते फॉरवर्डवाल्यांनी सांगावं.

शेडमधला गोंगाट घरी येताना मागेच राहतो, असंही नाही. साधारण 85 डेसिबलच्या वर रोज आठ तास, अशी वर्षं काढली की कानाच्या आतल्या बारीक पेशी मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. आधी जातात वरच्या पट्टीतले आवाज, म्हणजे स, श, फ. समोरचा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. अशा माणसाला स्वतःचाही आवाज कमी ऐकू येतो, म्हणून तो वाढवतो. गंमत म्हणजे बिघाड आतल्या पेशींऐवजी कानाच्या पडद्यात किंवा मधल्या हाडांत असेल तर नेमकं उलट होतं. स्वतःचा आवाज कवटीतून मोठा ऐकू येतो आणि माणूस हळू बोलू लागतो. आता यातला सुसंस्कृत कोण?

फोनचं निराळंच आहे. जुन्या लँडलाइनवर आपला आवाज थोडासा आपल्याच कानात परत यायचा, मोबाइलवर तो बराच कमी येतो. त्यात आमच्या वडिलांच्या पिढीला ट्रंक कॉलची सवय. ओरडल्याशिवाय सोलापूर लागायचंच नाही.

मालवणीवर तर सगळ्यांनीच विनोद करून झालेत. पण वाडीत घरं कशी असतात ते बघा. मध्ये माडाची बाग, व्हाळ, मग शेजाऱ्याचं अंगण. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने पडतो. एका मीटरवर 60 डेसिबलचं नेहमीचं बोलणं 32 मीटरवर 30 उरतं, म्हणजे कुजबुज. देशावर बांधावरून पलीकडच्या शिवारात बोलवायचं तर हाळीच द्यावी लागते. त्यासाठी भाषेत वेगळा शब्द आहे, यातच काय ते आलं. ससून डॉकवर पहाटे मासळीच्या लिलावात हळू बोलणारीच्या हाती रिकामी पाटी उरेल.

मोठा आवाज म्हणजे राग, हा मुद्दा मला सगळ्यांत जास्त खटकला, कारण आमच्या घरी बरोबर उलटं आहे. चारजण जेवायला बसले की चौघं एकाच वेळी बोलतात. कोणी हळू बोललं की आई विचारते, ‘‘बरं वाटंना व्हय?’’ लग्न होऊन आली तेव्हा पहिला आठवडाभर माझ्या बायकोला वाटायचं, इस्टेटीवरून काहीतरी पेटलंय. विषय असायचा तांबड्या रश्श्यात मीठ कमी पडल्याचा. अमेरिकेतल्या भाषातज्ज्ञ डेबोरा टॅनन यांनी 1978 मध्ये एका सणाच्या जेवणावरचं बोलणं टेप करून तपासलं. न्यूयॉर्कची मंडळी एकमेकांच्या बोलण्यात बोलत होती, आणि त्यांच्या लेखी तो उत्साह होता. कॅलिफोर्नियाच्या पाहुण्यांना वाटलं, आपल्याला बोलूच देत नाहीत. देश एक, भाषा एक, टेबलही एकच.

सुशिक्षित हळू बोलतो म्हणे. गणपती विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर या. निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा, आणि तिथे मोजणाऱ्यांच्या यंत्रावर आकडा 100 च्या आसपास घुटमळतो. ढोल वाजवणाऱ्यांत इंजिनिअर किती आणि सीए किती, मोजून या. शिवाय हळू आवाजात, ‘अहो-जाहो’ करत माणसाची सालटी कशी काढतात हे पुण्यात राहून मला शिकायला मिळालंय. त्यावर फॉरवर्ड येत नाही.

राहिलं जपान. ट्रेनमध्ये शांतता असते, फोनवर बोलू नका अशा सूचना असतात, खरं आहे. त्याच जपानात निवडणूक आली की उमेदवाराच्या गाड्या सकाळी आठ ते रात्री आठ भोंग्यावरून नाव ओरडत गल्लोगल्ली फिरतात, आणि खाणावळीत पाय ठेवला की सगळे नोकर एका सुरात ‘इराश्शाइमासे’, म्हणजे ‘या, या’, म्हणून गर्जतात. हळू कुठे बोलायचं हे त्या जागेने ठरवलेलं असतं. त्याचा बुलेट ट्रेनच्या शोधाशी काय संबंध, देव जाणे.

फॉरवर्डमधलं एक मला पटतं. दवाखान्याच्या वॉर्डात, रात्रीच्या बसमध्ये स्पीकरवर फोन लावून बोलू नये. आणि साहेब शिपायावर ओरडतो तेव्हा त्याला अंतर, कान, माग यातलं काहीच लागू नाही; तो ओरडू शकतो म्हणून ओरडतो. पण मग तेवढंच लिहा की. जिल्हे कशाला मोजता?

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं नाही. अण्णांना तपासणीला नेलं. दोन्ही कानांचे आलेख उजवीकडे घसरगुंडीसारखे उतरलेले. गेल्या आठवड्यात यंत्र बसलं. घरी आल्यावर मी नेहमीच्या पट्टीत विचारलं, चहा टाकू का. ते दचकले आणि म्हणाले,

‘‘कशाला रं वरडालैस?’’