जुन्या सिनेमांबद्दलचं मत बदलतं, आणि त्याची कारणं दाखवता येतात

जुन्या सिनेमांचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे पाठवला जातो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सिनेमा एकदा तयार झाला की बदलत नाही. तो लागला तेव्हा लोकांनी पदरचे पैसे खर्चून पाहिला आणि निकाल दिला, तोच खरा. वीस-तीस वर्षांनी त्याच सिनेमाला डोक्यावर घेणारे आठवणींत रमलेले असतात, आणि त्याला नावं ठेवणारे आजच्या चष्म्यातून कालच्या माणसांना दोषी ठरवत असतात. सिनेमा खरोखर चांगला असेल तर तो आपोआप टिकतोच.

ऐकायला हे समंजस वाटतं, म्हणून ते इतकं पसरतं. मला ते मुळातच चूक वाटतं, आणि घातकही. एखादा विशीतला मुलगा किंवा मुलगी साठ वर्षांपूर्वीचा सिनेमा पाहून भारावते आणि तिला ऐकवलं जातं, ‘अगं, तो तेव्हाच पडला होता.’ एवढ्या एका वाक्यात तिचं पाहणं रद्द होतं. म्हणून यातलं एकेक विधान तपासू.

‘सिनेमा बदलत नाही, बदलतो तो प्रेक्षक.’

सिनेमा बदलतो, अगदी शब्दशः. १९८२ साली ‘ब्लेड रनर’ प्रदर्शित झाला तेव्हा त्यात नायकाच्या आवाजात निवेदन होतं. पडद्यावर दिसतंय तेच तो समजावून सांगत होता. शेवटी नायक-नायिका हिरव्या डोंगरांतून गाडीने निघून जातात, असा सुखान्त जोडला होता. त्यातली हवाई दृश्यं तर दुसऱ्याच सिनेमाच्या, ‘द शायनिंग’च्या, न वापरलेल्या चित्रीकरणातून आणलेली होती. १९९२च्या आवृत्तीत निवेदनही गेलं आणि तो शेवटही गेला. लिफ्टचं दार बंद होतं आणि सिनेमा तिथेच थांबतो. २००७ साली आणखी एक आवृत्ती आली, दिग्दर्शक रिडली स्कॉटने स्वतःच्या देखरेखीखाली पूर्ण केलेली. ज्याला १९८२ साली निवेदन खटकलं आणि दहा वर्षांनी सिनेमा आवडला, त्याची आवड बदललीच नव्हती. खटकत होतं तेच काढून टाकलं होतं.

याहून मोठं उदाहरण फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वारच्या ‘द रूल्स ऑफ द गेम’चं. १९३९ साली पॅरिसमध्ये प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. मग घाबरून कापाकापी झाली, पुढे बंदीही आली. युद्धात बॉम्बहल्ल्यात मूळ निगेटिव्ह नष्ट झाली. १९५०च्या दशकात दोन फ्रेंच सिनेप्रेमींनी विखुरलेली रिळं शोधून, रेन्वारच्या संमतीने हा सिनेमा पुन्हा जुळवला आणि १९५९ साली तो जवळपास पूर्ण रूपात लोकांसमोर आला. मधल्या वीस वर्षांत ज्यांनी मत दिलं ते कापलेल्या प्रतीवर. त्या मताला अखेरचा निकाल कसं म्हणायचं?

प्रत तीच असली तरी पडदा वेगळा असतो. ‘कागज के फूल’ हा भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद पडद्याचा, चित्रपट, १९५९चा. त्यातल्या एका गाण्यात विस्तीर्ण रिकाम्या स्टुडिओत दोन माणसं एकमेकांपासून दूर उभी आहेत आणि वरून प्रकाशाचा एक जाड झोत तिरपा खाली उतरतोय. छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी मोठे आरसे लावून उन्हाची तिरीप आत वळवली आणि तो झोत मिळवला. त्या चौकटीचा सगळा अर्थ त्या दोघांमधल्या मोकळ्या जागेत आहे. अशा रुंद चौकटी जुन्या चौकोनी टीव्हीवर दाखवताना दोन्ही बाजू कापल्या जायच्या, म्हणजे नेमकी ती मोकळी जागाच जायची. टीव्हीवर किंवा व्हिडिओ कॅसेटवर पाहून ज्यांनी एखाद्या सिनेमास्कोपला ‘संथ, रिकामा’ म्हटलं, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण त्यांचं मत अर्ध्या चित्रावरचं होतं, हे खरंच आहे.

‘पहिला निकाल प्रामाणिक, कारण तो तिकीट काढून दिलेला.’

पहिला म्हणजे कोणत्या दिवसाचा? ‘शोले’ १९७५च्या ऑगस्टमध्ये लागला तेव्हा समीक्षकांनी त्याला झोडपलं आणि सुरुवातीच्या दिवसांत धंद्यातल्या जाणकारांनी तो पडला असंच धरलं. मग तोंडोतोंडी बोलबाला झाला आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षांहून जास्त चालला. पहिल्या आठवड्याचा निकाल अंतिम मानायचा तर ‘शोले’ पडलेला सिनेमा ठरतो. तसं कुणी म्हणत नाही. म्हणजे मत बदलायला काही आठवड्यांची मुभा सगळेच देतात, मग काही वर्षांची का नाही?

तिकिटाने मोजली जाते ती उत्सुकता. त्या आठवड्यात लोकांना काय पाहावंसं वाटलं, एवढंच त्यातून कळतं, आणि ते शेजारी काय लागलंय यावर फार अवलंबून असतं. १९८२च्या उन्हाळ्यातली अमेरिका घ्या. ११ जूनला ‘ई.टी.’ आला, परग्रहावरच्या प्रेमळ पाहुण्याचा. दोनच आठवड्यांनी, २५ जूनला, एकाच दिवशी दोन सिनेमे लागले: ‘ब्लेड रनर’ आणि जॉन कार्पेंटरचा ‘द थिंग’. ‘द थिंग’मधला परग्रहवासी माणसाच्या शरीरात शिरून हुबेहूब माणूस होतो. अंटार्क्टिकातल्या तळावर अडकलेल्या माणसांना एकमेकांवर विश्वास ठेवता येत नाही. समीक्षकांना तो किळसवाणा आणि निर्दय वाटला, प्रेक्षकांनी पाठ फिरवली.

आज तो भयपटांतल्या उत्तम सिनेमांत गणला जातो. का, ते सिनेमातच दाखवता येतं. त्यात रक्ताच्या तपासणीचा प्रसंग आहे. प्रत्येकाचं रक्त वेगवेगळ्या बशीत काढलंय, नायक एक तार तापवून एकेका बशीत बुडवतो. माणसाचं रक्त नुसतं चरचरेल, त्या जिवाचं रक्त उसळून पळेल. पहिल्यांदा पाहताना डोळे बशीवर असतात. दुसऱ्यांदा पाहताना ते खुर्च्यांना बांधलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर जातात: कुणाला आपण निर्दोष आहोत याची खात्री आहे, आणि कुणाला स्वतःचीच खात्री नाही. हा सिनेमा दुसऱ्यांदा पाहण्यासाठी बांधलेला आहे, आणि दुसऱ्यांदा पाहणं सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं ते घरोघरी व्हिडिओ आल्यावर. शिवाय विशेष परिणाम करणाऱ्या रॉब बॉटिनने रबर आणि रसायनांनी हाताने घडवलेली त्या जिवाची दृश्यं काय तोलामोलाची आहेत, हे पुढे संगणकावर केलेले शेकडो राक्षस पाहिल्यावर कळलं. तुलनेसाठी पुढचे सिनेमे लागतात. ते १९८२च्या प्रेक्षकाजवळ नव्हते, यात त्याचा काय दोष?

‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) तर पहिल्या फेरीत तोट्यात गेला. १९७४ साली त्याच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण राहून गेलं, टीव्ही वाहिन्यांना तो जवळपास फुकट दाखवता येऊ लागला, आणि दर नाताळात तो घराघरांत पोचला. इथे मत बदललं असं म्हणणंही धाडसाचं आहे. बहुतेकांनी तो तेव्हा पहिल्यांदाच पाहिला.

‘हे सगळं स्मरणरंजन आहे.’

काही बाबतीत आहेच. लहानपणी सुट्टीत पाहिलेला सिनेमा माणसाला गोड लागतो, मलाही लागतो. पण आठवण यायला आधी तो काळ जगलेला असावा लागतो. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं ‘साइट अँड साउंड’ नियतकालिक १९५२पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांकडून सर्वोत्तम सिनेमांची मतं मागवतं. हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ १९५८चा, आणि त्या वेळी त्याचं स्वागत कोमटच झालं. या पाहणीत तो १९८२ साली सातवा आला, १९९२ साली चौथा, २००२ साली दुसरा आणि २०१२ साली पहिला. २०१२च्या पाहणीत आठशेहून जास्त मतदार होते आणि त्यांतले कितीतरी १९५८ नंतर जन्मलेले. त्यांना कसली आठवण येणार? सलग तीस वर्षं, मतदार बदलत असताना, एकाच दिशेने झालेली ही चाल लहरीची किंवा फॅशनची नाही.

‘व्हर्टिगो’मध्ये दोन-तृतीयांश सिनेमा झाल्यावर एक बाई पत्र लिहायला बसते आणि सगळं रहस्य प्रेक्षकाला सांगून टाकते. नायकाला ते कळत नाही. रहस्यपट म्हणून पाहायला गेलात तर ही घोडचूक वाटते, गाठ आधीच सोडून टाकली! पण तिथून सिनेमा नायकाचा राहतच नाही. मेलेल्या प्रेयसीसारखे कपडे, तसेच केस, असं करत एक पुरुष समोरच्या जिवंत बाईला पुसून टाकतोय आणि ती ते सहन करतेय, हे आपण तिच्या बाजूने पाहू लागतो. १९७५ साली सिनेअभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी पडद्यावरच्या पुरुषी नजरेवर जो निबंध लिहिला, त्यात या सिनेमाचाही विचार होता. सिनेमात जे आधीपासून होतं, त्याबद्दल बोलायची भाषा नंतर तयार झाली. यात स्मरणरंजन औषधालाही नाही.

२०२२च्या पाहणीत शांताल आकरमनचा ‘जान दिएलमान’ (१९७५) पहिला आला तेव्हा ‘मतदारयादीच वाढवली, म्हणून’ अशी ओरड झाली. यादी खरंच वाढली होती, मतदार सोळाशेच्या वर गेले. पण १९५२ साली साठ-सत्तर जणांनी मिळून ‘बायसिकल थीव्ह्ज’ला पहिला क्रमांक दिला, तीही एक यादीच होती. छोट्या यादीचा कौल निसर्गनियम आणि मोठ्या यादीचा तेवढा कट, हा युक्तिवाद मला पटत नाही.

‘आजच्या चष्म्यातून कालच्या सिनेमाकडे पाहू नका.’

हा मुद्दा सर्वांत भारदस्त वाटतो आणि सर्वांत पोकळ आहे. ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ १९१५ साली आला. तंत्राच्या दृष्टीने तो थक्क करणारा होता आणि त्यात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेचे लोक नायक होते. आज त्याला वर्णद्वेषी म्हटलं की लगेच ऐकू येतं, ‘तेव्हा असंच चालायचं.’ कुणाला चालायचं? कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी ही संघटना १९१५ सालीच, सिनेमा लागल्या लागल्या, त्याच्याविरुद्ध उभी राहिली. निदर्शनं झाली, बंदीच्या मागण्या झाल्या. तेही १९१५चेच प्रेक्षक होते. त्यांचं मत मोजलं गेलं नाही, एवढंच. जो चष्मा आजचा म्हणून हिणवला जातो तो पुष्कळदा त्याच काळातल्या, दाबून टाकलेल्या माणसांचा असतो. ‘त्या काळाचं मत’ असं एक अखंड मत कधीच नव्हतं.

‘चांगला सिनेमा आपोआप टिकतो.’

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, तिथल्या जवळजवळ अकरा हजार मूक कथापटांपैकी मूळ रूपात उरलेत ते फक्त १४ टक्के. सत्तर टक्के पूर्ण गेले. बाकीचे अपुरे किंवा निकृष्ट प्रतींत आहेत. गेले ते सगळे टाकाऊ होते, असं कुणी छातीवर हात ठेवून म्हणू शकेल का? तेव्हा वापरात असलेली नायट्रेटची फिल्म पेट घ्यायची. बोलपट आल्यावर मूकपट अडगळ ठरले. फिल्ममधली चांदी काढून घेण्यासाठी रिळं वितळवली गेली. यातल्या कशाचाही दर्जाशी संबंध नाही. आणि टिकलेल्या थोड्यांवरून आपण ‘तेव्हा काय सिनेमे काढायचे!’ असा अख्ख्या दशकाचा निवाडा करतो.

‘आलम आरा’ हा १९३१चा, भारताचा पहिला बोलपट. त्या वेळी तो प्रचंड चालला, पहिल्या प्रेक्षकांनी दिलेला निकाल याहून अनुकूल असूच शकत नाही. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. उलट ‘कागज के फूल’ इतका पडला की त्याचे दिग्दर्शक गुरुदत्त यांनी त्यानंतर कुठल्याच सिनेमाला दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव लावलं नाही, आणि तो आज पाहता येतो. ज्याला त्याच्याबद्दल बोलायचंय त्याने तो आधी पाहावा, पूर्ण रुंदीत, आणि मग खुशाल वाईट म्हणावं.